गोमीची कळशी

साहेब, त्या दुपारी तुमच्या दवाखान्याला कुलूप होतं.

हे सगळ्यात वर लिहितोय. कारण भुताची गोष्ट म्हटलं की तुम्ही पुढे वाचणार नाही, नाहीतर हसाल. हसा. पण दारावर ‘चोवीस तास सेवा’ असा रंगवलेला फलक आणि त्याच्याखाली मुठीएवढं कुलूप, हे काही भुताने लावलेलं नव्हतं. ते तुमचं होतं. एक पोरगी त्या पायऱ्यांपाशी जीव टाकायला आली होती आणि तुमच्या माणसाकडे किल्ली नव्हती.

आता बाकीच्यांनी ऐका.

ही घटना खरी आहे. पुतळाबाई माझी सख्खी आत्या. तिने सांगितलं तसं लिहितोय, पदरचं काही घालत नाही. ज्याला पटत नसेल त्याने उमेळ्याला यावं, घर दाखवतो.

गेल्या वर्षीचा मे महिना. अमावस्या नव्हती. रात्रही नव्हती. भर दुपार होती, मांडवात अख्खं गाव जमलेलं आणि डीजे एवढ्या जोरात की काचा थरथरत होत्या.

भुतं काळोखात येतात म्हणे.

ही उन्हात आली.

उमेळ्यात आमच्या आत्याच्या सासरची केळीची वाडी होती. वाडीत विहीर, विहिरीवर रहाट. आता तिथे चार मजली इमारत आहे. बिल्डरने केळी तोडली, विहीर बुजवली, वर पार्किंग केलं आणि इमारतीला नाव दिलं ‘केळबन’. लाज नावाची गोष्ट नाही. जमिनीच्या बदल्यात आत्याच्या घराला वरच्या मजल्यावर दोन फ्लॅट मिळाले. एकात पुतळाबाई, तिचा मुलगा अल्पेश आणि त्याची दोन मुलं, प्रितेश आणि तेजस्वी. सून लवकर गेली. मुलांना आजीनेच वाढवलं.

तेजस्वीला शाळेत असल्यापासून शुगर. गोळ्यांची नाही, इन्सुलिनची. तिचं शरीर ते बनवतच नाही, रोज टोचून घ्यावं लागतं. पण पोरगी खमकी. सातिवलीत एका कंपनीत हिशेब बघते, डब्याबरोबर सुई नेते, आणि कोणी ‘अरेरे’ केलं की म्हणते, “अरेरे कशाला? तुम्ही चहा घेता, मी सुई घेते.”

त्या दिवशी प्रितेशची हळद होती.

आमच्याकडची हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. दोन दिवस आधीपासून पाहुणे. आणि नेमका दोन दिवस आधी गावातला ट्रान्सफॉर्मर जळाला. लाइट गेली. अल्पेशने जनरेटर आणला... पण तो डीजेला आणि मांडवाला. वरच्या फ्रिजची आठवण कोणाला झाली नाही.

झाली ती फक्त पुतळाबाईला.

तिने नातीच्या इन्सुलिनच्या बाटल्या फ्रिजमधून काढल्या. मांडवासाठी आणलेल्या बर्फाचा एक थर्माकोलचा खोका स्वयंपाकघरात ओढून घेतला, बाटल्या त्यात खोल पुरल्या. आणि वरून मूठमूठ खडे मीठ टाकलं. पुतळाबाईचा बाप मिठागरावर राबलेला. बर्फावर मीठ टाकलं की थंडी धरून राहते, हे तिला बारशाच्या आधीपासून ठाऊक. मासळी अशीच टिकवायची.

औषधही टिकेल, असं तिला वाटलं.

सुईची वेळ झाली की ती बाटली काढायची. तेजस्वीला थंडगार औषध टोचलं की आग व्हायची, म्हणून आजी बाटली मुठीत धरून, पदराखाली, छातीशी लावून ऊब द्यायची. मगच नातीच्या हातात. तेजस्वीला मिळायची ती कोमट, पाण्यासारखी नितळ बाटली.

तिला काय कळणार, ती बाटली कशातून आली होती?

हळदीच्या आदल्या दिवसापासून तेजस्वीला तहान लागायला लागली. तांब्यामागून तांब्या. सगळे म्हणाले, उकाडा आहे. तिने बोट टोचून शुगर तपासली, चढलेली. लग्नघर आहे, काहीतरी गोड पोटात गेलं असेल, म्हणून तिने डोस वाढवला. पुन्हा तपासली... अजून चढलेली.

हळदीच्या सकाळी उलट्या सुरू झाल्या.

“काल नाचलीस किती, ते बघ आधी,” प्रितेश म्हणाला.

“तुझ्या लग्नात नाही नाचायचं तर कोणाच्या?” एवढं बोलायलाही तिला दम लागला. “तू जा. नवरदेव वासाने ओकला, असं नको व्हायला.”

ती आतल्या खोलीत जाऊन पडली. जरा पडते, मग येते, म्हणाली.

खाली मांडवात पुतळाबाई हळदीचं ताट घेऊन उभी राहिली. कोणीतरी कुजबुजलं, विधवेने पहिली हळद लावू नये. पुतळाबाईने मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “आईविना पोर मी वाढवलाय. हळद मीच लावनार. ज्याला बघवत नाय त्याने जेवायला बसा.”

लोक जेवायला बसले. तिने हळद लावली.

आणि तेवढ्यात डीजे बंद पडला.

जनरेटर चालू होता. दिवे चालू होते. फक्त आवाज गेला. डीजेवाला क्लिफर्ड, शेजारच्या आळीतला पोरगा, वायरी उपसत बसला.

मांडवात शांतता.

आणि त्या शांततेत पुतळाबाईला ऐकू आलं...

कर्र... कर्र... कर्र...

रहाट.

तो आवाज ती झोपेतही ओळखेल. लग्न होऊन आल्यापासून रोज तिने तो रहाट ओढला होता. आवाज येत होता पार्किंगमधून, फरशीखालून, जिथे विहीर होती तिथून.

तिने शेजारणीकडे पाहिलं. शेजारीण पापड मोडत होती.

कोणालाच ऐकू येत नव्हतं.

पुतळाबाईला वर एकटी पडलेली नात आठवली. ताट ठेवून ती जिन्याकडे धावली. लिफ्ट बंदच होती. पहिला मजला, दुसरा मजला. तिसऱ्याच्या वळणावर ती थबकली.

वास.

पिकलेल्या केळ्यांचा वास... गोड, आंबूस, घड अति पिकल्यावर येतो तसा.

घरात एकही केळं नव्हतं.

 हा वास तिने आधी एकदा घेतला होता. गोमीच्या तोंडाचा.

गोमी तिची धाकटी नणंद. श्रीपतमामांची, म्हणजे आत्याच्या नवऱ्याची बहीण. पुतळाबाई नवी नवरी होती तेव्हा गोमी अठरा-एकोणीसची. हसरी, दांडगी मुलगी एका पावसाळ्यात काडीसारखी झाली. रात्रंदिवस पाणी प्यायची. मग उलट्या, मग तो श्वास... खोल, लांब, जसं कोणी विहिरीतून भरलेली घागर ओढतंय. आणि तोंडाला पिकल्या केळ्यांचा वास.

गाव म्हणालं, वाडीतली बाई लागली.

भगत म्हणाला, पाणी ही पोरगी पीत नाही, तिच्या आत बसलेली पितेय. पाणी तोडा, ती आपोआप निघेल.

गोमीला केळीच्या बुंध्याला बांधलं. ती पाणी पाणी करत होती. पुतळाबाईने पितळेची कळशी भरली आणि धावली. दोघांनी तिचे हात धरले. तिसऱ्याने कळशी हिसकावून विहिरीत फेकली. काठावर आपटून कळशीच्या गळ्याला पोचा पडला, तो आवाज पुतळाबाईच्या कानात कायमचा राहिला.

संध्याकाळच्या आत गोमी गेली. तहानलेली.

ती कळशी कधी कोणी काढली नाही. विहीर बुजवली तेव्हा तीही आत गेली.

पुतळाबाई वर पोचली. फ्लॅटचं दार उघडं. आत अल्पेश, भिंतीला टेकून. आणि आतल्या खोलीच्या दारासमोर उदबत्त्या लावून बसलेला नामा भगत. त्या जुन्या भगताचा नातू. हळदीला जेवायला आला होता, मिशीला अजून रस्सा लागलेला.

खोलीला बाहेरून कडी.

“कडी कोनी लावली?” पुतळाबाईने विचारलं.

“आये, तिचा श्वास बघ कसा चाललाय,” अल्पेश रडवेला झाला होता. “वास बघ. नामा बोलतो, गोमीआत्या आलीय. अँब्युलन्सला फोन लावला, नुसता वाजतोय...”

“पाणी दिलंस तिला?”

अल्पेशने नामाकडे पाहिलं.

“पाणी नको,” नामा भगत डोळे मिटूनच बोलला. “पाणी ती पित नाय, आतली पिते. आजोबांनी सांगून ठेवलंय.”

“तुझ्या आज्याने एक पोरगी मारली,” पुतळाबाई म्हणाली. “तेव्हा मी नवी सून होते. माझे हात धरले. आता हे घर माझं हाय. धर बघू माझा हात. धर!”

भगताने डोळे उघडले.

“आये, पण...”

“तू बारावी शिकलास ना रे? का मांडवात वाटली ती अक्कल पत्रावळीवरून?”

तिने उदबत्त्या पायाने उडवल्या. कडीला हात घातला.

आणि हात तसाच राहिला.

आतून आवाज येत होता...

घट्. घट्. घट्.

कोणीतरी पाणी पीत होतं.

त्या घरात पाणी नव्हतं. दोन दिवस पंप बंद, नळ कोरडे. मांडवातले जार खाली होते. आतल्या खोलीत तर पेलासुद्धा नव्हता.

भगत उठला. चप्पल न घालता जिना उतरला. परत दिसला नाही.

पुतळाबाईने कडी काढली.

तेजस्वी गादीवर होती. डोळे खोल गेलेले, छाती भात्यासारखी वरखाली. पण ओठ ओले. हनुवटी ओली. उशी भिजलेली.

उशाशी पितळेची कळशी.

काळी पडलेली, बुडाला चिखल. काठोकाठ पाणी. आणि गळ्याला... पोचा.

खोलीच्या खिडकीला जाळी. दाराला बाहेरून कडी. दारापासून गादीपर्यंत फरशीवर ओल्या पावलांच्या खुणा. येणाऱ्या.

परत जाणारी एकही नाही.

अल्पेश दारातच खाली बसला.

पुतळाबाई घाबरली नाही, असं मी म्हणणार नाही. ती स्वतःच सांगते, लुगड्याच्या निऱ्या थरथरत होत्या. पण ती कोपऱ्याकडे बघून, जिथे कोणीच नव्हतं तिथे बघून बोलली, “आलीस ना? मग अर्ध्यावर सोडू नको. काय करू ते सांग.”

स्वयंपाकघरात धाडकन काहीतरी पडलं.

ती धावली. बर्फाचा खोका जमिनीवर उलटा. मीठमिश्रित पाणी सगळीकडे. बर्फाची ढेकळं इकडेतिकडे विखुरलेली... फक्त एक मधोमध सरळ उभं. त्यात इन्सुलिनची बाटली अडकलेली. आतलं औषध पांढरं, दगडासारखं कडक.

पुतळाबाईने ते ढेकूळ उचललं आणि नातीच्या डोळ्यांसमोर धरलं.

तेजस्वीने पाहिलं. तिला बोलायला वेळ लागला.

“आजी... हे गोठलंय.”

“थंड राहावं म्हणून ठेवलं गं बाय.”

“गोठलं की मरतं औषध.” मोठा श्वास. “दोन दिवस... मी पाणी टोचलं. मला दवाखान्यात न्या.”

आत्या म्हणते, त्या क्षणी डोळे भरून खोलीतला कोपरा तिला दिसेनासा झाला. पण रडायला बसली नाही. तिने अल्पेशच्या पाठीत गुद्दा घातला. “ऊठ! मी चुकले ते मी बघेन. खुर्ची आन.”

नवरदेव हळदीने पिवळा, तसाच वर आला. प्लास्टिकच्या खुर्चीत तेजस्वीला बसवून बाप आणि भावाने जिना उतरवला. मागून पुतळाबाई, काखेत ती कळशी. का घेतली, तिलाही सांगता येत नाही.

पार्किंगमध्ये पाऊल टाकताच रहाट थांबला.

क्लिफर्डने स्पीकर टेम्पोतून खाली ढकलले. महागाचे स्पीकर, आपटून फुटले. “आजी, चढ लवकर. त्यांचं नंतर बघू.”

आधी गेले जवळच्या दवाखान्यात. तुमच्या, साहेब. दोन मिनिटांवर.

कुलूप.

पायरीवर रखवालदार पेपरने वारा घेत होता. म्हणाला, “सगळे कार्यक्रमाला गेलेत. उद्घाटन आहे. मोठे साहेब येणार.”

“कसलं उद्घाटन?”

“नव्या दवाखान्याचं.”

“आणि अँब्युलन्स?”

“ती पण तिकडेच. मांडवाशेजारी उभी करायला सांगितलीय. फोटोत दिसली पाहिजे.”

तेजस्वीचा श्वास टेम्पोतून पायरीपर्यंत ऐकू येत होता.

“किल्ली?”

“साहेबांकडे.”

पुतळाबाई टेम्पोतून उतरली. कळशीतलं पाणी आधी तिने नातीच्या ओठांना लावलं. मग उरलेलं पायरीवर ओतलं, रिकामी कळशी दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली आणि तुमच्या कुलपावर घातली. एकदा. दोनदा. रखवालदार ओरडत राहिला, “म्हातारे, सरकारी मालमत्ता आहे!”

“माझी नात कोनाची मालमत्ता हाय रे?”

कुलूप तुटलं नाही. चांगल्या प्रतीचं होतं. तेवढं मात्र तुम्ही चांगल्या प्रतीचं घेतलंत.

“आजी, नको वेळ घालवू, मोठ्या हॉस्पिटलला मारतो,” क्लिफर्डने हाक दिली. हॉर्नवरचा हात त्याने वसई येईपर्यंत काढला नाही.

तेजस्वी वाचली.

तिकडचे डॉक्टर तरुण होते, भले होते. तिच्या तोंडाजवळ वाकले, वास घेतला आणि लगेच धावपळ सुरू केली. सलाईन, नवं इन्सुलिन, तासातासाला रक्त. त्यांच्या मशीनवर आधी आकडा आलाच नव्हता, मशीन मोजू शकेल त्याच्या वर शुगर गेली होती. नंतर त्यांनी सगळं समजावलं. इन्सुलिन मिळालं नाही की शरीर चरबी जाळायला लागतं, रक्तात आम्ल साठतं. म्हणून तो खोल श्वास. म्हणून तोंडाला पिकल्या फळासारखा वास. शरीरातलं पाणी लघवीवाटे निघून जातं, म्हणून ती तहान.

“मध्ये घोटघोट पाणी दिलंत, ते बरं केलंत,” डॉक्टर म्हणाले. “कोणी दिलं?”

सगळ्यांनी पुतळाबाईकडे पाहिलं.

पुतळाबाईने मग हळूच विचारलं. खूप वर्षांपूर्वीची एक पोरगी. अशीच तहान, असाच श्वास, हाच वास.

“हाच आजार असणार, आजी.”

“म्हनजे तिच्यात कोन बसलं नव्हतं?”

“कोणी नाही.”

“मग तिला बांधलं कशाला?”

 डॉक्टरांचा काय दोष? ते तेव्हा जन्मलेही नव्हते.

तिसऱ्या दिवशी तेजस्वी उशीला टेकून बसली. भावाच्या लग्नाचे फोटो बघत होती. लग्न साधेपणाने उरकलं होतं, हॉस्पिटलमधून येऊन-जाऊन. बघता बघता ती थांबली.

“आजी, ती ताई कुठल्या फोटोत नाही.”

“कोन ताई?”

“हळदीच्या दिवशी माझ्याजवळ बसलेली. बारीक होती गं. ओलं लुगडं, मनगटावर दोराचे वळ. मला पाजत होती आणि सारखी म्हणत होती...”

तेजस्वीने फोटो बाजूला ठेवले.

“काय म्हनत होती?”

“‘पी. पटापट पी. ते यायच्या आत पी.’”

पुतळाबाईने नातीला त्या दिवसापर्यंत गोमीचं मरण कधी सांगितलं नव्हतं. दोरीचं तर श्रीपतमामांनी घरात कोणाला बोलूच दिलं नव्हतं.

कळशी? टेम्पोत ती पुतळाबाईच्या मांडीवर होती, हे क्लिफर्डने स्वतः पाहिलंय. हॉस्पिटलच्या दारात उतरली तेव्हा लुगडं ओलं होतं. कळशी नव्हती. टेम्पो धुंडाळला, रस्ता धुंडाळला. नाही.

पण दवाखान्याच्या कुलपावर पितळेचा पिवळा ओरखडा आहे. मी बोट फिरवून आलोय.

अजूनही दुपारची लाइट गेली की पार्किंगमधून आवाज येतो... कर्र... कर्र... आता तो एकट्या आत्याला येत नाही. सोसायटीने मीटिंग घेतली, शांत करून घेऊ म्हणाले. पुतळाबाई उभी राहिली. “माझी ननंद हाय ती. आधी तिचं पानी तोडलंत, आता घर तोडताय? जो भगत आनेल त्याला मी जिन्यावरून ढकलीन.”

कोणी आणला नाही.

तेजस्वी रोज सातिवलीला जाते. तिचं इन्सुलिन आता बर्फात नाही, पाण्याने भरलेल्या माठात, पिशवीत बांधून, कोरडं ठेवलेलं असतं लाइट गेली की. आजीच ठेवते. आणि पार्किंगमधल्या खांबाजवळ, जिथे विहीर होती, रोज एक तांब्या भरून ठेवते. मी परवा मुद्दाम दुपारभर तिथे खुर्ची टाकून बसलो. मांजर नाही, कावळा नाही, माणूस नाही.

तांब्या रिकामा झाला.

माझ्यासमोर. मला काही दिसलं नाही. फक्त केळ्यांचा वास आला. मी जिना चढलो तो मागे न बघता. लिहितानाही पाठीमागे कोणी उभं आहे असं वाटतंय.

वाटू दे. मला तिची भीती वाटते, पण राग तिचा येत नाही. गोमीच्या काळी उमेळ्यात दवाखाना नव्हता, भगत होता. तेजस्वीच्या काळी दवाखाना आहे, आणि तो बंद होता. मेलेली बाई बुजवलेल्या विहिरीतून, मातीखालून, सिमेंटखालून, बाहेरून लावलेल्या कडीतून पाणी घेऊन चौथ्या मजल्यावर पोचली.

साहेब, तुम्ही तर जिवंत आहात. तुमच्याकडे गाडी होती, किल्ली होती, पगार होता.

तुम्ही का नाही पोचलात?

उत्तर द्या.